साळवंडीत उष्टी पाळक काढतात

रविवार, दुपारचा एक. साळवंडीच्या चर्चमागे लिंबाखाली प्रीतिभोजनाची पंगत नुकतीच उठली होती. उष्ट्या पत्रावळ्या जमिनीवर पडून होत्या. पाळकांनी झगा काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि ते वाकले. त्यांच्यामागून मंडळीचे पंच वाकले. मुंबईहून आलेली एक पाहुणी मदतीला उठली, तर मार्थाबाई उजागरेंनी तिला खाली बसवलं.

"राहू दे बाई. हा मान मिळायला आधी निवडून यावं लागतं."

मार्थाबाई मंडळीत सगळ्यांत वडील. हा मान कसा सुरू झाला, ते त्यांनी आम्हा पाहुण्यांना सांगितलं.

इथे ख्रिस्ती धर्म आला तेव्हा दोन वस्त्यांनी तो घेतला, वरच्या आणि खालच्या. दोन्ही गावकुसाबाहेरच्याच, तरी वरची वस्ती खालचीला हलकी मानायची. बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच ओढ्यात झाला, असं सांगतात. जात ओढ्यात सोडली, असं सगळेच म्हणाले. पहिल्या प्रीतिभोजनाला मात्र दोन पंगती बसल्या आणि जेवणं झाल्यावर वरच्या वस्तीचा कारभारी यशवंता पाळकांना म्हणाला, "खालच्या बायकांना सांगा उष्टी काढायला."

खालच्या वस्तीची ठकूबाई तिथेच उभी होती. "उष्टीच काढायची तर गावात काय कमी होती?" ती म्हणाली. "त्यासाठी पाण्यात कशाला बुडलो?"

कोणी हलेना. पाळक हरिबा नवेच होते. मिशनने दिलेल्या काळ्या कोटाची घडीही त्याच दिवशी मोडली होती. त्यांनी तो कोट काढून ठेवला आणि दोन्ही पंगतींची उष्टी काढली. आधी खालच्यांची.

भांडण मिटलं नाही, पेटलं. पुढच्या रविवारी वरची वस्ती चर्चमध्ये आली, पण प्रभुभोजनाच्या वेळी एकही माणूस पुढे आला नाही. ज्या हाताने खालच्यांची उष्टी काढली, त्या हातची भाकर आम्ही घेणार नाही, असा यशवंताचा निरोप होता. मिशनच्या साहेबांनी हरिबांना बोलावून सांगितलं म्हणे, की माफी मागा, नाहीतर अर्धी मंडळी जाईल.

"प्रभूने शिष्यांचे पाय धुतले," हरिबा म्हणाले. "त्याने माफी कोणाची मागितली, तेवढं सांगा. मीही त्याचीच मागतो."

साहेबांनी विषय बदलला.

त्यानंतर वरच्या वस्तीत लग्न असो की बारसं, हरिबा बोलावणं नसताना जाऊ लागले. जेवायला बसत नसत. पंगत उठली की उष्टी काढायची आणि घरी यायचं. लोक हसत. पाळकाला पगार पुरत नाही वाटतं, असं मोठ्याने म्हणत. हे किती वर्षं चाललं, ते कोणालाच सांगता येत नाही. शेवटी यशवंताच्या मुलीचं लग्न आलं. व्याह्यांसमोर पाळक उष्ट्यांत वाकलेले पाहून यशवंताने त्यांचं मनगट धरलं.

"पाळकसाहेब, पाहुणे बघतायत. माझी लाज जाते."

"मग चार पत्रावळ्या तुम्ही उचला. लवकर उरकेल."

यशवंताने उचलल्या. त्याच्या पागोट्यावर वरण सांडलं म्हणे, आणि तेच पागोटं घालून तो रविवारी प्रभुभोजनाला सगळ्यांच्या आधी पुढे आला. त्याच्यामागे वरची वस्ती आली.

आजही साळवंडीत एकच पंगत बसते. उष्टी पाळक आणि पंचच काढतात. जो वाकायला कचरतो, त्याला मंडळी पुन्हा निवडून देत नाही. हे सांगताना मार्थाबाईंचा आवाज चढला होता, आणि तो चढावा असंच ते आहे.

चर्चच्या पलीकडे दफनभूमी आहे. हरिबांची कबर तिथे ठकूबाईच्या शेजारी आहे. यशवंताची मात्र तिथून दिसत नाही, कारण दफनभूमीच्या मधोमध पुरुषभर उंच भिंत आहे. एका बाजूला खालच्या वस्तीचे मृत, दुसऱ्या बाजूला वरच्या. भिंत सिमेंटच्या विटांची आहे, तेव्हा ती पूर्वजांच्या माथी मारता येत नाही. पाळकांना विचारलं. ते म्हणाले, मी इथे येण्याआधीची आहे. पंचांना विचारलं. ते म्हणाले, बैठकीत असा ठराव कधी झालाच नाही. मार्थाबाईंनी चहाला चला म्हटलं.

भिंत कोणी बांधली, हे साळवंडीत अजून कोणीही सांगितलेलं नाही.