हवालदाराचा गुडघा

“...मग बाबा, खरं दुखणं खोटं ठरतंच कसं?”

हवालदार हणमंत शेडगे दर्ग्याच्या ओट्यापुढं ताठ उभा राहून विचारत होता. फौजेत सरहद्दीवर पहाऱ्यावर असताना बर्फाचा कडा कोसळला आणि त्याचा डावा गुडघा कामातून गेला. अपंगत्वाची पेन्शन मागितली, ती नामंजूर झाली. आता उद्या अपिलाची तपासणी. तिथंही नामंजूर झाली तर पेन्शनचं दार कायमचं बंद.

चांदबाबा फकीर मोरपिसं बांधत बसले होते.

“बस आधी.”

“उभाच बराय.”

“बरं... डॉक्टरांनी काय केलं?”

“उठाबशा काढायला लावल्या.”

“काढल्यास?”

“सांगितल्या तेवढ्या.”

“दुखलं?”

“जीव जायचा राहिला.”

“मग कण्हलास?”

हणमंत मिशीत हसला. “साहेबांपुढं? त्यांनी विचारलं, काही त्रास? मी म्हटलं, नाही साहेब.”

मागं बसलेली त्याची बायको सुलाबाई म्हणाली, “आणि घरात मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरून जातात.”

“तू गप गं.”

बाबांनी मोरपिसं खाली ठेवली. त्यांना नवल वाटलं.

“म्हणजे डॉक्टरांनी तुझाच शब्द खरा धरला.”



हणमंत हळूच म्हणाला, “उद्या काय खोटं रडून दाखवू? ते माझ्यानं व्हायचं नाही, बाबा.”

“नको रडूस.”

“मग करू काय?”

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. छाती पुढं, हनुवटी वर, मुठी मांडीला चिकटलेल्या. नोकरी सुटून वर्षं झाली, पण उभं राहणं सुटलं नव्हतं.

आमच्या गावात घरटी एक फौजी. कवायतीचे हुकूम इथं शेळ्यांनासुद्धा कळतात.

बाबा हलक्या आवाजात म्हणाले, “विश्राम.”

हणमंतचा डावा पाय आपसूक बाजूला गेला. हात पाठीमागं गेले.

बाबा थांबले... “आराम से.”

हा हुकूम आला की फौजी अंग सैल सोडतो. हणमंतनंही सोडलं. खांदे खाली आले, गुडघा लटपटला, आणि ओट्याची कड धरून तो मटकन खाली बसला.

“आई गं...”

सुलाबाईनं तोंडाला पदर लावला. चारचौघांत त्याचं कण्हणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

हणमंत ओशाळला. उठायला धडपडू लागला. “माफ करा बाबा, चुकून...”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तसंच बसवलं.

“उद्या असाच जा.”