टेकडीवरचा शंख

शूर्पारक बंदरात पूर्वी एक शांत स्वभावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. धंद्यात त्याने नाव मिळवले. पण बायको गेली, आणि एकुलता एक मुलगा जहाजाबरोबर गेला तो परतलाच नाही. रिकाम्या वखारीत माणूस किती दिवस आपलाच खोकला ऐकणार? त्याने तिथे शाळा काढली. तोलणे, मोजणे, मालाची पारख, जे येत होते तेच तो शिकवी.

शेवटी व्यापारीच तो, गिऱ्हाईक ओढायची सवय. ज्याचे उत्तर आधी येईल त्याला तिळाचा लाडू, असे त्याने ठरवले. मुले धावत आली. पण पुढे लाडू रोज एकीलाच मिळू लागला. पाटला तिचे नाव, कोळ्याची पोर. बाकीच्यांनी मग प्रश्न ऐकणेच सोडले. पाटला वखारीमागे जाऊन एकटीच लाडू खाई.

एके दिवशी बोधिसत्त्वाने तराजू टांगला. "हा खरा की खोटा, कसं ओळखाल?"

पाटलाचे हात पुढे गेले, या पारड्यातला माल त्यात आणि त्यातले वजन यात घालायला. मग तिने ते मागे घेतले. "नाही येत," ती म्हणाली.

मुले गेल्यावर त्याने तिला थांबवले. "पोरी, येत होतं की तुला."

"येत होतं, आचार्य. पण बरोबर आलं की माझ्याशी कुणी बोलत नाही. उद्यापासून मी येणार नाही. घरी जाळी विणीन. तिथं आई तरी बोलते."

त्या संध्याकाळी बोधिसत्त्वाला जेवण गेले नाही.

सकाळी सागरदत्त श्रेष्ठी आला. त्याचा मुलगा विभू याच शाळेत होता. "अहो, लाडवानं काय होतंय! रोज चांदीचं नाणं ठेवा, खर्च माझा. वखारीचं गळकं छप्परही बदलून देतो."

बोधिसत्त्व हसला. "श्रेष्ठी, प्रतिष्ठान नगरीच्या बाजारात एकदा मी कापडाच्या गाठीवर आरसा फुकट दिला होता. लोकांनी आरसे घरात लावले आणि कापडानं बैल पुसले. राहू द्या, छप्पर गळू दे."

मग तो स्वतः कोळीवाड्यात गेला आणि पाटलाला म्हणाला, "आज एक दिवस ये."

त्या बंदरात दिवेलागणीला टेकडीवरून शंख फुंकत, म्हणजे परतणाऱ्या होड्यांना दिशा कळे. तो मान बोधिसत्त्वाच्या घराण्याचा. मुलगा गेल्यापासून त्याने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. होड्यांवरून नावाडी "हो ऽऽ" करीत, दिवसभरात त्याला साद देणारे तेवढेच. गावातल्या प्रत्येक पोराचा त्या शंखावर डोळा होता.

"आता लाडू नाही," तो मुलांना म्हणाला. "ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्या एकाला शिकवायचं. त्यालाही आलं, की दोघांनी टेकडीवर जाऊन शंख फुंकायचा."

पाटलाने विभूला निवडले.

"हिच्याकडून? हिच्या हाताला मासळीचा वास येतो!"

"वासाचं वजन होत नसतं. धर ते पारडं."

सगळे हसले, विभूही. तो चुकला, पुन्हा चुकला. पाटला उत्तर सांगेना, नुसती बघत राहिली. शेवटी त्याने माल आणि वजन आपणहून अदलाबदल केले आणि ओरडला, "अगं, काटा कलला! खोटा आहे हा!"

सांज होताच दोघे टेकडीकडे पळाली, मागून सगळी शाळा. सवयीने बोधिसत्त्वही उठला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन तराजूपाशी बसला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग हसण्याचा गलका, मग तुटकतुटक शंख. समुद्रावरून साद आली. ती त्याच्यासाठी नव्हती. दुरून तो शंख कसा ऐकू येतो, हे मुलगा गेल्यापासून त्याला पहिल्यांदाच कळले.

सकाळी त्याने दार उघडले तेव्हा पाटला उंबऱ्यावर होती, आणि तिच्या शेजारच्या जागेवरून दोन पोरे भांडत होती. टेकडीवर मात्र त्याचे काही काम उरले नाही.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची पाटला म्हणजे आज नव्या भिक्षुणींना पाठ देणारी सुवीरा. विभू म्हणजे तुमच्यात सगळ्यांत जास्त शंका विचारणारा धम्मिल. सागरदत्त म्हणजे दान देताना आपले नाव पुकारायला लावणारा तो उपासक. आणि वखारीत एकटा बसून दुसऱ्यांचा शंख ऐकणारा आचार्य मीच होतो. आपल्या वाट्याचे सुख दुसऱ्याच्या हाती गेलेले पाहूनही मन भरून येणे, याला मुदिता म्हणतात."