बियांच्या गुहेचं दार

फार पूर्वी एका रानात सगळ्या झाडाझुडपांचं बी डोंगरातल्या गुहेत जपून ठेवत. गुहेचं दगडी दार एका शब्दाने उघडे. तो शब्द होता ‘उघड’, आणि दार बसवल्यापासून तो कुणी बदललाच नव्हता. एकदा माकडांनी आत शिरून निम्मं बी फस्त केलं.

तेव्हा राखणदार रेवा नावाच्या साळिंदराने दाराला तोंड लावून कुणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने नवा शब्द सांगितला.

दुसऱ्या दिवशी बी न्यायला प्राण्यांची रांग लागली असताना वाघ आला. “नवा शब्द मला सांग. राजा मी आहे.”

रेवा म्हणाली, “बी हवं तेवढं देते, महाराज. शब्द नाही देता येणार.”

वाघ गुरगुरत दाराकडे वळला. “मग तू सांग.”

दगडातून शांत आवाज आला, “मला ठाऊक नाही. मी शब्द जवळ ठेवत नाही. तो कानावर आला की फक्त ओळखतो.”

वाघाने विचार केला. जे दारापाशीही नाही, ते हिसकावणार कसं?

“कुरणासाठी गवताचं बी हवंय,” तो हळूच म्हणाला आणि हरणांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिला.