तिसऱ्या कुंडीतली मेथी

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात नवी विहीर खणली, की तिचं पाणी आधी शाळेत जायचं. तिथे त्या पाण्यावर आठ दिवस मेथी वाढवायची, रोज काय दिसलं ते वहीत लिहायचं, आणि ती वही ऐकल्यावरच गावाने पाण्याला तोंड लावायचं.

एका वर्षी नवी विहीर खणली आणि हे काम शाळेतल्या सगुणाकडे आलं. मुलगी हुशार, पण गावात नवी. तिने तीन कुंड्या मांडल्या. एकीला नदीचं पाणी, दुसरीला जुन्या विहिरीचं, तिसरीला नव्या विहिरीचं.

पाचव्या दिवशी तिसऱ्या कुंडीतली मेथी पिवळी पडली. सहाव्या दिवशी तिने मान टाकली. सगुणाला वाटलं, नक्की आपलंच काहीतरी चुकलं, आता गुरुजी रागावणार. मागच्या खेपेच्या वहीत तर ‘तिन्ही कुंड्या हिरव्यागार’ असं लिहिलेलं होतं. मग काय, सगुणाबाईंनी मेलेली रोपं गुपचूप उपटून फेकली आणि तेच वाक्य सुबक अक्षरात आपल्या वहीत उतरवलं.

आठव्या दिवशी विहिरीपाशी सगळा गाव जमला. म्हाताऱ्या गुरुजींनी वही मोठ्याने वाचली आणि ते म्हणाले, “शाबास पोरी. आणा पाणी.”

कुणीतरी तांब्या भरून दिला. ज्याच्या शाळेची वही, त्यानेच पहिलं पाणी प्यायचं, ही गावची रीत. सगुणाला ती कुठून ठाऊक असणार? गुरुजींनी तांब्या ओठांजवळ नेला. तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“पिऊ नका गुरुजी. मेथी मेली होती. मी खोटं लिहिलं.”

गुरुजींच्या हातातलं पाणी हिंदकळून धोतरावर सांडलं.

“दिसलं ते का नाही लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“मला वाटलं, माझंच चुकलं.”

“चुकलं वाटलं तर तेही लिहायचं, बाळ. आणि माझंही चुकलंच. वही पाहिली, पण कुंड्या दाखव म्हणालो नाही.”

सगुणा ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने पुन्हा मेथी पेरली. या वेळी एकेका पाण्याच्या तीन तीन कुंड्या. आठ दिवसांनी गुरुजींनी नवी वही गावापुढे वाचली: ‘नव्या विहिरीच्या पाण्यावरची मेथी तिन्ही कुंड्यांत मेली. का मेली, ते मला माहीत नाही.’

ज्या बायका घागरी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच रिकाम्या घागरी घेऊन नदीकडे वळल्या.

तात्पर्य काय, तर प्रयोगाच्या वहीत दिसावं असं वाटतं ते नव्हे, दिसलं तेच लिहावं. त्या वहीच्या भरवशावर कुणीतरी पाणी पिणार असतं.