साळूबाईची एकवाढी

सागाच्या आणि ऐनाच्या दाटीत वसलेल्या एका जंगलात एक साळू राहत असे, आणि ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी तिने वनदेवीला एक नवस बोलला होता. मुलांनो, साळू म्हणजे पाठभर लांबलांब काटे मिरवणारा, पण पोटाशी अगदी मऊ असा गरीब प्राणी. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तरी रानाच्या खालच्या बाजूच्या प्राण्यांनी तिलाच आपली पुढारीण केले होते, कारण ती बोललेला शब्द फिरवत नसे.

नवस कशाचा, ते आधी ऐका. त्या जंगलाच्या मधोमध एक डोह होता. उन्हाळ्यात सगळे ओढे आटत आणि तेवढा एकच डोह उरे. वरच्या बाजूचे प्राणी आणि खालच्या बाजूचे प्राणी दर कार्तिकात बेलफळाचा खेळ खेळत, आणि जी बाजू जिंकेल तिने वर्षभर डोहावर आधी पाणी प्यायचे, असा रिवाज होता. वरची बाजू सलग तीन वर्षे जिंकली होती. त्यांचे गवे आणि डुकरे आधी पाण्यात उतरत, मनसोक्त लोळत, आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला नुसता चिखल येई. त्या वैशाखात साळूच्या धाकट्या पिल्लाची जीभ कोरडी पडली. ते डोळे उघडेना. तेव्हा साळू वरच्या बाजूच्या पुढाऱ्याकडे, म्हणजे कोल्ह्याकडे गेली.

"कोल्होबा, पाऊस येईपर्यंत आमच्या पिल्लांना आधी पिऊ द्या हो. लहान आहेत ती."

कोल्ह्याने शेपूट नीट गुंडाळून घेतले. "देऊ की! आपण काय परके आहोत? फक्त पुढच्या खेळाला गडी निवडताना पहिल्या पाच निवडी आमच्या."

साळू समजायचे ते समजली. खेळासाठी गडी साऱ्या रानातून निवडत. ज्याला जी बाजू हाक मारी, तो त्या वर्षी त्या बाजूचा. पहिल्या पाच निवडी देणे म्हणजे रानातले सगळे बळ देऊन टाकणे. पण पिल्लाची मान लवंडली होती. तिने हो म्हटले. घरी परतताना वाटेतल्या वनदेवीच्या शेंदरी दगडापुढे ती थांबली आणि म्हणाली, "आई, माझं पोर वाचव. मी चातुर्मासभर एकवाढी करीन."

एकवाढी म्हणजे काय, ते तुमच्या आजीला विचारा. पानात पहिल्यांदा जेवढे वाढले जाईल तेवढेच खायचे. पुन्हा मागायचे नाही, कोणी आणून दिले तरी घ्यायचे नाही, आणि वाढलेले टाकायचेही नाही. चार महिने!

पिल्लू वाचले. आषाढी एकादशीपासून साळूने नेम धरला, आणि त्याच दिवशी मोठ्या उंबराखाली गडी निवडायला सारे रान जमले.

कोल्ह्याने एकामागून एक हाका मारल्या. "गवा! रानडुक्कर! अस्वल! सांबर! नीलगाय!" एकेक जण पुढे आला की जमीन थरथरे. मग साळूची पाळी आली. तिने समोर पाहिले. हरणे, ससे, मोर होते, पण खेळातल्या पाच जणांच्या भिंतीत उभे राहण्याजोगे चारच जण उरले होते : एक म्हातारे कासव, एक घोरपड, एक लाजाळू खवलेमांजर, आणि एका पायाने लंगडणारे तरस, ज्याचे तोंड सकाळी पाहायला कोणी राजी नसे. साळूने चौघांनाही हाक मारली. पाचवी ती स्वतः. बेलफळ न्यायला तिने ससा घेतला.

वर फांदीवरून माकड ओरडले, "साळूबाई, भिंत बांधताय की उकिरडा भरताय?"

सारे रान हसले. खालच्या बाजूचेही हसले, पण त्यांचे हसणे कडू होते. "हिनंच आमच्या निवडी घालवल्या," एक भेकर पुटपुटले. "आता अजून एक वर्ष चिखल चाटा!" साळूने ते ऐकले. ते खोटे नव्हते.

आता खेळ कसा, तेही सांगते. कारवीच्या दाट जाळीमधून एक वाट उंबरापासून डोहाकाठच्या काळ्या कातळापर्यंत जाई. एका गड्याने बेलफळ देठाला धरून तोंडात घ्यायचे आणि त्या वाटेने कातळावर नेऊन ठेवायचे. त्याच्या पुढे त्याच्या बाजूच्या पाच जणांची भिंत चाले. समोरून दुसऱ्या बाजूची भिंत येऊन अडवी. फळ जमिनीवर पडले की डाव संपला. दोन्ही बाजूंना एकेकच डाव. म्हणजे खरा खेळ फळ नेणाऱ्याचा दिसे, पण असे तो भिंतीचा.

दुसऱ्या दिवसापासून साळूने सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी फजिती झाली. घोरपड सुळकन पुढे गेली, तरस लंगडत तिच्या मागे, आणि कासव राहिले उंबराखालीच. माकडाने त्या खिंडारातून उडी मारली, सशाच्या तोंडातले बेलफळ हिसकले आणि ते म्हणाले, "एवढ्या भोकातून तर माझी आजी नातवंडांसकट जाईल!"

त्यात आणखी एक भानगड. साळूचे काटे शेजारी उभ्या असलेल्या तरसाला बोचले. "अगं आई गं!" तरस कळवळले. "ताई, शत्रू येईपर्यंत तरी मला जिवंत ठेवा!"

आठ दिवस असेच गेले. साळू म्हणे, "आजोबा, जरा भरभर!" आणि कासव बिचारे धापा टाकी. नवव्या दिवशी ते मान आत घेऊन म्हणाले, "साळूबाई, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय. मला सोडून दे. चौघांचीच भिंत कर."

साळू तेव्हा पळसाच्या पानावरचा कंद खात होती. आजचा कंद कडू निघाला होता. नेम नसता तर तिने तो केव्हाच लोटून दुसरा उकरला असता. पण टाकायचे नाही म्हणून ती सावकाश, बारीक चावत होती, आणि चावता चावता तिच्या ध्यानात आले की सावकाश खाल्ला तर हाही कंद शेवटी गोड लागतो.

ती उठली. "आजोबा, चूक माझी झाली. तुम्हाला आमच्या चालीनं ओढत होते. आता आम्हीच तुमच्या चालीनं चालू."

मग तिने भिंत नव्याने मांडली. ज्यांना काटा बोचत नाही असे दोघेच होते, एक कासव नि एक खवलेमांजर. त्या दोघांच्या मधे ती स्वतः उभी राहिली. कासवाच्या पलीकडे घोरपड, कारण तिने कारवीच्या मुळांत नखे रोवली की तिला कोणी हलवू शकत नसे. दुसऱ्या टोकाला खवलेमांजराला लागून तरस. त्याचा लंगडा पाय आतल्या बाजूला आला, त्याचे सगळे अंग आपसूक खवलेमांजरावर रेलले, आणि इतकी वर्षे ज्या खोडीला सगळे हसत तिनेच भिंत घट्ट झाली. साळूचे काटे मागच्या बाजूला वळलेले, म्हणून ती पाठ शत्रूकडे आणि तोंड सशाकडे करून उलटी चाले. तिला समोरचे काही दिसत नसे. कासव दर पावलाला "हं" म्हणे, आणि त्या "हं"वर पाचही जणांचे पाऊल एकदम पडे.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. "हं... हं... हं..." असा आवाज रोज कारवीतून येई. एके दिवशी माकडाने चार बाजूंनी चार उड्या मारून पाहिल्या आणि डोके खाजवत ते परत झाडावर गेले. त्या दिवसापासून त्याने चेष्टा करणे सोडले.

ऐन नवरात्रात कोल्हा साळूच्या बिळाशी आला. भारी गोड बोलत होता. "साळूबाई, मन खातंय हो माझं. पाचच्या पाच थोर गडी आम्हीच घेतले, हे काही बरं झालं नाही. असं करा, गवा तुम्ही घ्या. बदल्यात ते म्हातारं कासव द्या. बस्स!"

गवा!  तो डोंगराएवढा खांदा आपल्या भिंतीत? साळूच्या डोळ्यांपुढे वैशाखातला डोह उभा राहिला, निवळशंख पाणी, आणि त्यात तोंड घातलेले तिचे पिल्लू. कासव तिथेच होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "घे गं बाई. मी नाही रागावणार. पोरांच्या पाण्याचा प्रश्न आहे."

साळूने कासवाकडे पाहिले. मग म्हणाली, "नको कोल्होबा. माझी एकवाढी आहे. माझं पान वाढून झालंय."

"अहो, ती जेवणाची!" कोल्हा हसला. "गड्यांना कसला आलाय नेम?"

"पोटाला नेम कळत नाही. तो मनानंच पाळायचा असतो. मनातून मी गवा मागितला, तर पानातल्याला नावं ठेवल्यासारखंच की!"

कोल्हा शेपूट झटकून निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर माकड वरून म्हणाले, "बरं केलंत. तीन दिवस टेकाडावर बसून तुमचा सराव बघत होता तो. आणि तो गवा? कोणाचं ऐकतोय तो? स्वतःच्या शेपटीचंसुद्धा ऐकत नाही!"

 दुसऱ्या दिवशीचे कासवाचे "हं" दूर डोहापर्यंत ऐकू गेले.

कार्तिकातल्या द्वादशीची सकाळ उजाडली. त्या दिवशी खेळ संपल्यावर साळूचा नेम सुटणार होता. पहिला डाव वरच्या बाजूचा. त्यांचे चितळ फळ घेऊन निघाले आणि पुढचे पाच वीर गर्जत सुटले. पण प्रत्येकाची चाल वेगळी. नीलगाय पार पुढे, गवा तिच्या मागे, अस्वल वाटेत मध हुंगत थबकलेले. मागे चितळ एकटेच! वीरांना पुढे जाऊ देऊन खालची भिंत "हं... हं..." करीत त्याच्यापुढे उभी राहिली. इकडे काटे, तिकडे कारवी, आणि घोरपडीने पायाशी मारलेला शेपटीचा एक फटका. फळ टपकन खाली पडले.

मग साळूचा डाव. ससा फळ धरून तिच्यापुढे थरथरत होता. "माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "दुसरीकडे नको."

"हं," कासव म्हणाले, आणि भिंत निघाली. कोल्हा कातळावरून ओरडला, "अरे, ही भिंत पोचेपर्यंत होळी येईल!" गवा शिंगे खाली घालून धावला. पण इतक्या बुटक्या भिंतीला भिडायला त्याला मान जमिनीला टेकवावी लागली, आणि मान टेकवली तो नाकासमोर साळूचे काटे फुललेले! तो जागीच थिजला. सांबराने वरून झेप घ्यायला पाय उचलले आणि काटे पाहून तसेच खाली ठेवले. मग रानडुक्कर तरसाच्या टोकाला जाऊन आदळले. तरस खवलेमांजरावर रेलले, खवलेमांजर साळूकडे, साळू कासवाकडे, कासव घोरपडीकडे, आणि घोरपडीची नखे मुळांत रुतली. धक्का एकाला बसला, झेलला पाचांनी. भिंतीला केसाएवढी फट पडली नाही.

"हं," कासव पुन्हा म्हणाले.

"तू हो बाजूला, मी बघतो!" गवा डुकरावर खेकसला. "तूच हो!" डुक्कर गुरगुरले. अस्वल आणि नीलगाय एकदमच पुढे घुसली, आणि चौघे एकमेकांवर आपटून कारवीत कोसळले. भिंत त्यांच्या शेजारून, तशीच, एकेका पावलाने पुढे गेली. साळूला यातले काहीच दिसले नाही. तिला दिसले ते एवढेच, की सशाचे डोळे आधी भेदरलेले होते, मग स्थिर झाले, आणि मग हसू लागले. ससा तिच्या बाजूने निघाला आणि त्याने बेलफळ काळ्या कातळावर ठेवले. तेव्हा खालच्या बाजूने जो जल्लोष केला, तो ऐकून सागावरचे पोपट उडाले!

पुढच्या वैशाखात खालची बाजू आधी पाणी प्यायली. कोणी पाण्यात लोळले नाही. काठाने रांगेत पिऊन सगळे बाजूला झाले, म्हणून मागून येणाऱ्या वरच्या बाजूलाही स्वच्छ पाणी मिळाले. साळूचे पिल्लू पोट टम्म फुगेपर्यंत प्यायले.

पुन्हा आषाढ आला. उंबराखाली रान जमले. जिंकल्यामुळे या वर्षीची पहिली निवड साळूची होती, आणि नवसही फिटला होता. आता ती काहीही मागू शकत होती. गवा आपणहून दोन पावले पुढे आला आणि त्याने मान उंचावली. कोल्ह्याने डोळे मिटून घेतले.

साळूने कोणाकडे पाहिले नाही. ती ताठ उभी राहिली, तिचे सगळे काटे मोरपिसांसारखे फुलले, आणि तिने पहिली हाक मारली.

"कासवआजोबा!"

कोणी हसले नाही. गवा बाजूला सरला आणि त्याने वाट करून दिली. गर्दीच्या पार मागून कासव निघाले. त्याला पुढे यायला बराच वेळ लागला. सारे रान उभे राहून वाट पाहत होते, आणि कोणीही घाई केली नाही.

तात्पर्य : पानात पडले त्याला नावे न ठेवता जो त्याच्याच चालीने चालतो, त्याला थोरांची उणीव भासत नाही, म्हणून बाळांनो, उद्या अंगणात गडी वाटून घेताना नेहमी शेवटी जो उरतो, त्याला तुम्ही पहिली हाक मारा, एवढा एक नेम धराल ना?