खडजाई डोक्यावर निघाली

जुन्या मोरवंडच्या जागेवर आता घायपात माजली आहे. सरकारी दप्तरात गावाची नोंद बेचिराग, म्हणजे वस्ती नसलेले. पाच-सहा घरांची जोती आणि पडक्या देवळात देवीची रिकामी बैठक, एवढेच उरले आहे. पाहुणे विचारतात, दरोडा पडला होता का, पटकी आली होती का? तसले काही नाही. गाव एका बाईने हलवले, असे सांगतात.

तिथल्या विहिरीचे पाणी बाधायचे. उन्हाळा आला की लोकांच्या पायांतून नारू निघे, दोऱ्यासारखा चांगला हातभर जंत. डोंगरावर वाहता झरा होता, घरांपुरती जागा होती. पण ग्रामदेवी खडजाईच्या कौलाशिवाय गाव कसे सोडणार? गुरवाने देवीच्या दोन्ही बाजूंना फुले लावली. उजवे पडले तर निघायचे. तीनदा कौल लावला, तिन्ही वेळा डावे पडले. चौथ्यांदा विचारायचे नाही, असा नेम. गुरव स्वतः लंगडत होता, पण नेमापुढे त्याचेही काही चालेना.

भिवराचा नवरा पाय सडून गेला होता. मग तिच्या लेकीच्या, सोनाईच्या घोट्यावर नारूचा फोड आला. पोर एकुलती एक. भिवराने रडण्यात वेळ घालवला नाही. सकाळी न्हाऊन ओलेत्याने ती देवळात गेली. गुरव आडवा आला, कौल मिळाला नाही म्हणाला.

"म्या कौल मागतच न्हाई," ती म्हणाली आणि देवीकडे वळली. "आई, तुझ्या पायाला नारू हुत न्हाई, म्हणून तुला घाई न्हाई. माझी लेक चालतीय तवर निघू."

पदराची चुंबळ करून तिने देवी डोक्यावर घेतली. चार गड्यांना न हलणारा तांदळा, देवीचा तो बिनघडीव दगड, घागरीएवढा हलका झाला म्हणे. भिवराच्या घरचे मात्र हे मानत नाहीत. तिची मान त्या दिवशी वाकली ती जन्मात सरळ झाली नाही, असे ते सांगतात, आणि मला तेच पटते. मागे सोनाई काठी टेकत निघाली. देवी गेल्यावर गावाने तरी कुणासाठी थांबायचे? संध्याकाळपर्यंत सगळे मोरवंड झऱ्यावर होते.

तिथे चुन्यात बैठक बांधायची ठरली, तर भिवरा आडवी आली. हेही पाणी उद्या नासले तर, असे तिने विचारले. मग बैठक बांधायचे राहिले आणि देवी चुंबळीवरच राहिली.

आजही नव्या मोरवंडात खडजाई लुगड्याच्या चुंबळीवर बसते. पेरणीचा, लग्नाचा, सगळा कौल तिथे लागतो. गाव सोडायचा कौल मात्र कुणी लावत नाही.