झिपरूची गुहा

सगळ्या प्राण्यांना एकमेकांची भाषा कळायची, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पोटात एक गुहा होती आणि तिच्यात इवल्या तांबूस वटवाघळांचं एक कूळ राहायचं. तसली वटवाघळं जगात दुसरीकडे कुठेच उरली नव्हती.

थंडी सरताना झिपरू नावाचं म्हातारं अस्वल तिथे आलं. झिपरूची हाडं ठणकत होती आणि गुहा छान उबदार होती.

"निघा सगळे! आता मी इथे झोपणार," तो एवढ्या मोठ्यानं गरजला, की वटवाघळं घाबरून भिरभिर उडाली. त्या गडबडीत एक पिल्लू आईच्या पोटावरून सुटलं आणि झिपरूच्या पाठीवर पडलं. मऊ केस लागताच त्याला वाटलं, हीच आई. ते केसांत शिरलं आणि चुटूचुटू चोखू लागलं.

झिपरूनं श्वास रोखला.

वर अंधारात पिल्लाची आई घिरट्या घालत होती. "दादा, हलू नका हो! खाली पडलं तर ते जगायचं नाही."

"नाही हलत, बाई. तू ये सावकाश," झिपरू कुजबुजला.

ती अलगद उतरली आणि पिल्लाला पोटाशी घेऊन वर गेली. झिपरूच्या पाठीवरची तेवढी ओली जागा गार पडली. तो पाय न वाजवता बाहेर आला आणि गुहेच्या तोंडाशी उन्हात आडवा झाला.

तेव्हापासून लांडगे, तरस, रानमांजरं दुरूनच वळतात. "ती झिपरूची गुहा आहे," असं एकमेकांना बजावतात.

झिपरू मात्र पुन्हा कधीच आत गेला नाही.